पिनकोड मीच दुरुस्त करून दिला

नोकरीच्या आमिषाला भुलून फसले, त्याचे आकडे आधी सांगते, म्हणजे पुढे कोणी "किती गेले हो?" असं हळूच विचारायला नको. १,८५०, ८,९२६, १७,५०० आणि ३४,९९९. एकूण ६३,२७५ रुपये. बिल्डिंगमध्ये वाटलेल्या अर्धा किलो पेढ्यांचे २८० वेगळे. ते कुठल्या तक्रारीत लिहायचे, सांगा.

नोकरी वकिलातीतली होती. कुठल्या देशाची ते लिहीत नाही, कारण त्या देशाचा यात काही दोष नाही. त्यांचं फक्त बोधचिन्ह चोरलं होतं.

मी काही अडाणी नाही. भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये नऊ वर्षं डिस्पॅच बघते. पगार २७,४०० आणि डोंबिवलीहून रोजची धावपळ. वकिलातीच्या नोकऱ्या स्थानिक लोकांना मिळतात, हेही खरं आहे. ड्रायव्हर, अकाउंट्स, व्हिसा असिस्टंट, रिसेप्शन, सगळीकडे आपलीच माणसं असतात. उन्हाळ्यात मी अशा एका खऱ्या जागेसाठी खराखुरा अर्ज केला होता. अडीच तास फॉर्म भरला, इंग्रजी किती येतं त्याच्या पातळ्यांवर टिकमार्क केले. पुढे काही कळलं नाही. त्यामुळे नोव्हेंबरात "तुमची प्रोफाइल शॉर्टलिस्ट झाली आहे" असा मेल आला तेव्हा मला वाटलं, हे त्याचंच उत्तर. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. "मला तर कळलंच असतं" म्हणणाऱ्यांनी इथेच वाचन थांबवावं.

पुढची पद्धत तुम्हाला पाठ असेल, म्हणून भराभर सांगते. १,८५० "अर्ज पडताळणी". मग फोनवर वीस मिनिटांची मुलाखत. बाई फाडफाड इंग्रजी बोलत होती, दर वाक्याला "मॅम". कॅमेरा बंद, कारण "सिक्युरिटी पॉलिसी". मग ८,९२६ "बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन". हा ८,९२६ आकडा बघा. गोल आकडा मागितला असता तर शंका आली असती. वर सव्वीस रुपये लावले की कुठल्यातरी सरकारी तक्त्यातून आल्यासारखं वाटतं. यूपीआयवर पैसे घेणाऱ्याच्या नावाच्या जागी एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाली, "मॅम, कलेक्शन आउटसोर्स केलंय, व्हिसाचं करतात ना तसं." आणि व्हिसाचे अर्ज बाहेरच्या कंपन्यांच्या केंद्रांतच घेतात, हे आपल्याला माहीतच असतं. खोट्याला असा खऱ्याचा टेकू असला की ते पडत नाही. पैसे भरायच्या आधी स्क्रीनवर जे नाव दिसतं ते वाचा. वाचून थांबा. मी वाचलं आणि पिन टाकला.

आता ते पत्र. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

ऑफर लेटर पीडीएफमध्ये आलं, आठ चौदाच्या लोकलमध्ये. पगार महिना ७८,०००. गर्दीत एका हाताने मोबाइल धरून मी ते बोधचिन्ह मोठं करून बघितलं. सोनेरी कडा, खाली लाल पट्टी, शिक्का जरा तिरका मारलेला, अगदी खरा मारल्यासारखा. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून दहा रुपयांत रंगीत प्रिंट काढली, सासूबाईंना दाखवायला. घरी दिव्याखाली वाचली. पत्ता होता: एम्बसी अमुक अमुक, बांद्रा कुर्ला कॉम्प्लेक्स, मुंबई ४०००५०.

४०००५० म्हणजे बांद्रा पश्चिम. बीकेसी ४०००५१. हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. नऊ वर्षं दुसरं करतेय काय? चुकीच्या पिनकोडची पाकिटं बाजूला काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम. आणि मला ते दिसलं. दिसलं नाही असं नाही, दिसलं! मी पर्समधून लाल पेन काढलं, शून्य खोडलं, वर एक लिहिला. सवयीने. मनात म्हटलं, टायपिंग मिस्टेक असेल, जॉइन झाल्यावर त्यांना सांगता येईल. म्हणजे चोराने चूक केली आणि ती मी दुरुस्त करून दिली. वर जॉइन झाल्यावर छाप पाडायची स्वप्नंही बघितली.

त्याच ओळीत दुसरी चूक होती, ती तर आणखी ढळढळीत. मुंबईत एम्बसी नसते. एम्बसी राजधानीत, दिल्लीला, बहुतेक चाणक्यपुरीत. मुंबईत असतं ते कॉन्सुलेट. अमेरिकेचंही बीकेसीत आहे ते कॉन्सुलेट जनरलच, आधी ब्रीच कँडीला होतं. उन्हाळ्यातला फॉर्म भरताना हा फरक मी नवऱ्याला समजावून सांगितला होता, तोही मोठ्या तोऱ्यात. पण मराठीत आपण दोन्हीला वकिलातच म्हणतो, नजर घसरली. नाही, हेही कारणच झालं. मला ती नोकरी हवी होती, म्हणून नजर घसरली.

लाल पेन चालवल्यानंतर मी ५२,४९९ रुपये भरले. १७,५०० मेडिकल आणि विमा, "रिफंडेबल". ३४,९९९ सिक्युरिटी बॉण्ड, तोही "रिफंडेबल". खऱ्या जाहिरातींतही मेडिकल आणि सिक्युरिटी क्लिअरन्स लिहिलेलं असतं, हे माझ्या बाजूने सांगते. फक्त तिथे त्याचे पैसे उमेदवाराकडे मागत नाहीत. रिफंडेबल हा शब्द दिसला की फोन बंद करा.

पाचव्यांदा "डिप्लोमॅटिक ओळखपत्रा"चे ४८,००० मागितले. तेवढे नव्हते म्हणून धाकट्या दिराकडे उसने मागायला गेले. तो जेवत होता. घास तसाच ठेवून म्हणाला, "वहिनी, वकिलातीत पगार मिळतो की द्यावा लागतो?" मी तिथेच खुर्चीत बसले. राजीनामा टाइप करून ठेवला होता, पाठवला नव्हता, एवढीच देवाची कृपा.

लाजेपायी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. ही माझी दुसरी मोठी चूक. पैसे गेल्यागेल्या १९३० लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, त्याच तासात. तोवर ते पुढच्या खात्यात सरकलेले नसतील तर अडकवता येतात. मी लावला तो सातव्या खेपेला लागला. तक्रारीचा नंबर मिळाला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार झाली. थोड्या दिवसांनी कळलं, पुढच्या कुठल्याशा खात्यात माझे २,३१० रुपये होल्ड झालेत. ६३,२७५ पैकी २,३१०. तेही असेच दिले नाहीत, कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

बँकेत गेले. मॅनेजर साहेबांनी ऐकून घेतलं, पाणीही दिलं आणि म्हणाले, पिन तुम्ही स्वतः टाकलात ना, मग हा ऑथोराइज्ड व्यवहार. २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक मी वाचून गेले होते. ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, हेही त्यांनीच मला वाचून दाखवलं. म्हणजे चोराने माझ्याकडून न विचारता नेले असते तर बरं झालं असतं.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा: ऑनलाइन केलीय ना तक्रार, मग इथे कशाला? दुसऱ्यांदा: पैसे भरले तेव्हा कुठे होतात, भिवंडीत ना, मग तिकडची हद्द. मी म्हटलं, साहेब, जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात झिरो एफआयआर आहे, हद्द कुठलीही असो, लिहून घ्यावी लागते. त्यावर उत्तर काय? "एवढं कायद्याचं कळतं, मग फसलात कशा?" मागच्या बाकावरचा माणूस हसला. त्याची स्कूटर चोरीला गेली होती, त्याला कोणी असं विचारलं नाही. आणखी एकाने सल्ला दिला, परदेशी नोकरी आहे ना, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे जा. अहो, ते खातं परदेशात कामाला जाणाऱ्यांचं! माझी नोकरी कुर्ल्याहून शेअर रिक्षात बसलं की येते तिथे होती.

खऱ्या कचेरीलाही मेल केला. आपोआप येणारं उत्तर आलं. म्हणून एक दिवस रजा टाकून बीकेसीला गेले. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने पत्र हातातही घेतलं नाही, लांबूनच बघितलं. म्हणाला, "ताई, असे कागद घेऊन येतात बऱ्याच जणी." मग हे वेबसाइटवर ठळक अक्षरांत का लिहीत नाही? लिहिलं आहे म्हणाला. घरी येऊन शोधलं. होतं, पानाच्या तळाशी.

पत्ते तपासायचे तर मेलमधल्या नावावर जाऊ नका, @ च्या पुढचं बघा, तेही शेवटाकडून. अमेरिकेचं शेवटी जीओव्ही, ब्रिटनचं जीओव्ही डॉट यूके, जर्मनीचं डिप्लो डॉट डीई, जपानचं जीओ डॉट जेपी. मला आलेल्यात देशाचं नाव होतं, एम्बसी होतं, जॉब्स होतं आणि शेवटी साधं डॉट कॉम. मेलमधली लिंक दाबू नका, त्या देशाची साइट स्वतः उघडा आणि तिथे ती जागा आहे का बघा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि घरातल्या एका तरी माणसाला आधी सांगा, पेढे नंतर.

तिसऱ्या चकरेला अखेर एक हवालदार मॅडम भेटल्या. त्यांनी कागद मागितले. व्यवहारांचे स्क्रीनशॉट, मेल, ते पत्र, सगळं फाइलला लावलं. पत्रावर येऊन त्या थांबल्या. पिनकोडवर बोट ठेवून विचारलं, "हे लाल पेनाने कोणी केलं?"

"मी."

"दस्तऐवजात खाडाखोड चालत नाही. मूळ प्रत घेऊन या."

मूळ प्रत पीडीएफ आहे, मोबाइलमध्ये, हे सांगून झालं. मग ती प्रिंट काढून आणा म्हणाल्या. उद्या परत जाणार आहे, झेरॉक्सवाल्याकडे आणखी दहा रुपये देऊन.