आवाजावर चालणारा टीव्ही: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

सामान असं: 43 इंची टीव्ही, साउंडबार, स्ट्रीमिंग स्टिक, डीटीएचचा सेट टॉप बॉक्स, त्याच्यासाठी आयआर ब्लास्टर (रिमोटसारखे इन्फ्रारेड इशारे सोडणारा छोटा डबा) आणि अलेक्साचा, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या बोलक्या मदतनिसाचा, छोटा स्पीकर. घर नाशिकला, इंदिरानगरातला फ्लॅट. चालू-बंद, आवाज कमी-जास्त आणि गाणी, एवढ्यासाठी आता रिमोट लागत नाही. सिनेमा शोधायचा असेल तर मात्र रिमोटच बरा.

स्पीकरला बोललेलं समजतं, तो भाग सोपा आहे. खरी मेहनत टीव्हीमागच्या वायरींत. टीव्ही, स्टिक आणि साउंडबार एकमेकांना हुकूम देतात ते एचडीएमआय सीईसीवर, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच हुकूम पाठवायच्या सोयीवर. ही सोय आधी सेटिंगमध्ये जाऊन तपासा, आणि ती सीईसी या नावाने शोधत बसू नका: सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राविया सिंक. साउंडबारची केबल 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमध्येच लावायची, टीव्हीचा आवाज साउंडबारकडे तिथूनच जातो. एम. जी. रोडवर साउंडबारसाठी केबल मागितली की ऑप्टिकल हातात पडू शकते. तिच्यातून आवाज जातो, हुकूम जात नाही. बातम्या बघताना ओठ आणि आवाज मागेपुढे होत असतील तर टीव्हीचं डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएमवर, म्हणजे साध्या न दाबलेल्या आवाजावर, ठेवून पाहा. सराउंडचा परिणाम कमी होतो, पण बातम्यांना तो हवाय कशाला?

स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. यूएसबी 2.0 पोर्ट प्रमाणाप्रमाणे 500 मिलीअँपिअरच देतो, त्यामुळे स्टिक मध्येच रीस्टार्ट होते. शिवाय टीव्ही बंद झाला की बहुतेक वेळा तो पोर्टही बंद होतो, मग 'टीव्ही चालू करो' ऐकायला स्टिक जागीच नसते. स्टिकच्या खोक्यातला अ‍ॅडॅप्टर वेगळ्या सॉकेटमध्ये लावा, आणि रात्री बोर्डाचं मेन बटण बंद करायची घरातली सवय तेवढ्या सॉकेटपुरती मोडा.

सगळ्यात जास्त डोकं खातो सेट टॉप बॉक्स. त्याच्या रिमोटवर चालू आणि बंद दोन्हींचं बटण एकच, आणि ब्लास्टर तेच बटण दाबतो. बॉक्स आधीच चालू असेल तर 'चालू करो' म्हटल्यावर तो बंद पडतो. उपाय: अलेक्साच्या रूटीनमधून (एका वाक्यावर चालणाऱ्या हुकुमांच्या यादीतून) बॉक्सचं पॉवर बटण काढून टाका, बॉक्स चालूच राहू द्या. चॅनेल नावाने न मागता नंबराने मागा. ब्लास्टरला बॉक्स समोर दिसायला हवा. सनमायका लावलेल्या बंद कपाटातून इन्फ्रारेड जात नाही, साध्या काचेतून जातं. आणि बॉक्सचा रिमोट इन्फ्रारेडऐवजी ब्लूटूथचा असेल तर ब्लास्टर घेण्यात अर्थच नाही.

ब्लास्टर जोडताना फोन वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडवर हवा. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने दाखवत असेल तर सेटअपपुरता 5 गिगाहर्ट्झ बंद करा.

मराठीचं दुखणं अजून तसंच आहे. अलेक्साला हिंदी आणि इंग्रजी कळतं, मराठी नाही. 'आवाज वाढव' म्हणणाऱ्या आजींना 'आवाज बढ़ाओ' शिकवावं लागतं. अशी चार वाक्यं कागदावर लिहून स्विचबोर्डशेजारी चिकटवलेली बरी. मराठी गाण्याचे शब्द, त्यातही 'ळ' आला की, हमखास चुकतात. गायकाचं नाव त्यामानाने बरं ओळखलं जातं. म्हणून म्युझिक अ‍ॅपमध्ये आवडीची गाणी एका प्लेलिस्टमध्ये टाकून तिला 'मॉर्निंग'सारखं सरळ नाव द्या आणि तेच मागा. यूट्यूबवर मराठी काही शोधायचं तर फोनच्या जीबोर्डवर मराठीत बोलून शोधा आणि टीव्हीवर कास्ट करा. उपकरणांची नावंही वेगवेगळी ठेवा. 'टीव्ही' आणि 'टीव्ही बॉक्स' शेजारी आले की गोंधळ ठरलेला.

स्पीकर साउंडबारपासून निदान तीन फूट लांब ठेवा. एप्रिल-मेमध्ये कूलर सुरू झाला की त्याला ऐकू येणं निम्म्यावर येतं, म्हणून कूलरच्या समोरची भिंत नको, सोफ्याशेजारचा कोपरा बरा. गणपतीत खाली ढोल-ताशा चालू असेल तेव्हा नाद सोडा, रिमोट घ्या.

पावसाळ्यात वीज जाऊन आली की स्पीकर लगेच उठतो, पण फायबरचा डबा आणि राउटर मागाहून, त्यामुळे पहिली दोन-तीन मिनिटं 'इंटरनेट नाही' एवढंच ऐकू येतं. राउटरला मिनी यूपीएस (वीज गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी) लावला की हा त्रास संपतो. घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेक 12 व्होल्ट असतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोन आउटपुटचा घ्या.