कॅसेट उतरवून घ्या, पण खरखर राहू द्या

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापासून जवळच, एका चिंचोळ्या जिन्यावर हे दुकान आहे. काका जुन्या कॅसेटमधली गाणी पेनड्राइव्हवर उतरवून देतात. एका कॅसेटचे 150 रुपये. 90 मिनिटांची कॅसेट उतरायला 90 मिनिटंच लागतात, तेव्हा घाई असेल तर जाऊच नका.

मी आमच्या अण्णांची पिशवी नेली होती. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, वामनदादा कर्डक अशा लोकगायकांच्या कॅसेट, आणि आमच्या गावच्या कलापथकाची जयंतीला भरलेली एक कॅसेट. त्यात अण्णा झील धरायचे, म्हणजे मुख्य शाहिराच्या मागे उभं राहून सूर धरायचे.

पिशवी टेबलावर उपडी केली नि सगळ्यांत भारी शाहीर कोण यावर वाद पेटला. काका वाईकडचे, पसरणी त्यांच्या शेजारची, म्हणजे शाहीर साबळेंच्या पुढे कुणी नाहीच. ‘महाराष्ट्राची लोकधारा’सारखा संच पुन्हा उभा करून दाखवा म्हणाले. टेप दुरुस्तीला आलेला रिक्षावाला ऐकेना. “आषाढीला प्रल्हाद शिंदे लावल्याशिवाय एक तरी स्पीकर वाजतो का?” बार्शीचे एक आजोबा दोघांनाही हसले. अमर शेख त्यांच्या गावचे, हे एक. शिवाय संच म्हणाल तर 1944 साली अण्णाभाऊ साठे, गवाणकर आणि अमर शेखांनी काढलेलं लाल बावटा कलापथक, बाकी सगळे नंतरचे. माझं मत उमपांना. कोळीगीत घ्या, भीमगीत घ्या, गोंधळ घ्या, गडी कुठेच परका वाटत नाही. 2010 मध्ये गेले तेही नागपूरला, दीक्षाभूमीवर, मंचावरच. यावर रिक्षावाला गप्प झाला, काका नाही झाले.

आता कामाबद्दल. फितीवरची बुरशी हाताने पुसून काढली होती, एका कॅसेटची निघालेली, फीत दाबून धरणारी गादीही बसवली. वेगही बरोबर. टेपचा बेल्ट सैल असला की प्रल्हाद शिंदेंची चढी पट्टी बसून जाते, इथे ती खणखणीत आली.

पण कलापथकाची कॅसेट घरी लावली आणि डोकं फिरलं. मुख्य शाहीर अगदी स्वच्छ, जणू स्टुडिओत गायलाय. मागची झांज गायब, तुणतुणं कुठेतरी तळाशी, आणि ‘जी जी रं जी’ म्हणणारे अण्णा आणि मंडळी पार पुसट. काकांनी न विचारता कॉम्प्युटरवर खरखर काढली होती. फितीची सळसळ आणि झांजेची किणकिण दोन्ही वरच्याच पट्टीत. एक कापली की दुसरी जाते. काकांच्या कॉम्प्युटरला झीलकरी म्हणजे कचरा वाटला. दुकानातल्या वादात तरी आम्ही वेगळं काय करत होतो? चौघं तावातावाने भांडलो, पण मागे उभं राहून सूर धरणाऱ्या एकाचंही नाव कुणाला आठवलं नाही.

परत गेल्यावर काकांनी हुज्जत घातली नाही. पैसे न घेता कॅसेट पुन्हा उतरवली, जशीच्या तशी. खरखर आहे, अण्णाही आहेत.

जाणार असाल तर आधीच सांगा: साफसफाई नको, एमपी-3 नको, वेव्ह फाइल द्या. पेनड्राइव्ह स्वतःचा न्या, त्यांच्याकडचा महाग पडतो. दुपारी 1 ते 4 बंद. आणि उमपांचं नाव काढायचं असेल तर काम हातात पडल्यावर काढा.