डॉगवूड हवं असेल तर मुसंडा घ्या : गोव्यात मिळणाऱ्या रोपांचं परीक्षण

गोव्यातल्या बागेसाठी डॉगवूडचं बी किंवा रोप ऑनलाइन मागवायचा विचार असेल, तर तो आधी सोडा. पांढऱ्या-गुलाबी फुलोऱ्यामुळे जगभर नावाजलेल्या डॉगवूडपैकी कॉर्नस फ्लोरिडा मूळचं अमेरिकेच्या पूर्व भागातलं आणि कॉर्नस कोउसा चीन, कोरिया, जपानकडचं. दोन्ही पानगळीची झाडं. वर्षातून काही आठवडे कडक थंडी मिळाली तरच त्यांच्या कळ्या नीट फुटतात. आपल्या किनारपट्टीवर जानेवारीच्या रात्रीही पारा १८ अंशांच्या खाली क्वचितच जातो. कॉर्नस फ्लोरिडाचं बी ओलसर वाळूत, ४-५ अंशांत तीन-चार महिने ठेवल्याशिवाय रुजत नाही. हे काम फ्रिजमध्ये होईल, पण रुजलेल्या झाडाला दरवर्षी थंडी कुठून देणार? हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरांत वाढणाऱ्या कॉर्नस कॅपिटाटालाही म्हापशा-मडगावची हवा मानवायची नाही. पाकिटावर निळ्या फुलांचा फोटो असेल तर ती सरळ फसवणूक आहे, निळ्या फुलांचं डॉगवूड अस्तित्वातच नाही.

डॉगवूडमध्ये लोकांना जे आवडतं, त्या मुळात पाकळ्या नसतातच. मधल्या बारीक फुलांच्या गुच्छाभोवती चार रुंद, रंगीत छदं (फुलाजवळची बदललेली पानं) असतात, तीच लांबून फुलासारखी दिसतात. मुसंडाचा थाट अगदी जवळचा आहे. इथे फुलाच्या बुडाचं निदल, म्हणजे एरवी हिरवं असणारं बाहेरचं दल, मोठं होऊन पानाएवढं पसरतं आणि खरं फूल मध्ये छोट्या पिवळ्या-केशरी चांदणीएवढंच राहतं. बाहेरच्या देशांत त्याला ट्रॉपिकल डॉगवूड म्हणूनच विकतात. मुसंडा कॉफीच्या कुळातला. दमट हवा, तांबडी माती आणि भरपूर पाऊस त्याला आवडतो, फक्त मुळांशी पाणी तुंबता कामा नये. गोव्यात सगळी गोम इथेच आहे.

नर्सऱ्यांत पांढरा, गुलाबी, लाल आणि पिवळा असे मुसंडा मिळतात. त्यांत माझी पहिली पसंती पांढऱ्याला. ही फिलिपिन्सची ‘डोन्या ऑरोरा’ जात. १९१५ च्या सुमारास माउंट माकिलिंगवर सापडलेलं हे उत्परिवर्तन (आपोआप बदललेलं झाड) पुढे तिथले राष्ट्राध्यक्ष केझोन यांच्या पत्नीच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. साध्या जंगली मुसंडात एका फुलाचं एकच निदल मोठं होतं, इथे पाचही होतात. त्यामुळे झुबका भरगच्च दिसतो. ऐन पावसाळ्याच्या करड्या उजेडात, पोफळींच्या हिरव्या पार्श्वभूमीवर हा पांढरा रंग जितका उठतो तितका दुसरा कुठलाच नाही. झाड सात-आठ फूट सहज होतं, म्हणून छोट्या अंगणात लावताना विचार करा.

गुलाबी, म्हणजे बहुतेक वेळा ‘क्वीन सिरिकिट’ किंवा तिच्या जवळचा संकर. सर्वांत जास्त खप याचाच आणि तो योग्यच आहे. अडचण एवढीच की पाच-सहा तास ऊन नसेल तर रंग फिका, मळकट येतो आणि भर पावसात झुबके भिजून जड होतात, तपकिरी डाग धरतात. असे झुबके झाडावर कुजू न देता काढून टाकावेत.

लाल मुसंडा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. रंग मखमली, बघताच घ्यावासा वाटतो. पण चौघांत सर्वांत नाजूक हाच, जुलैच्या धारांत मुळं कुजून जाणारा. उतारावर जागा असेल किंवा कुंडी पडवीत ठेवता येत असेल तरच घ्या. पिवळ्या फुलांचा आणि दुधाळ निदलांचा छोटा प्रकार कुंडीला उत्तम.

पाचवा प्रकार नर्सरीत फारसा दिसत नाही, याचं वाईट वाटतं: आपला भूतकेस. सत्तरीत, चोर्ल्याच्या घाटात पावसात झुडपांवर मध्येच एखादं पान पांढरंफेक दिसतं, तोच हा. केशरी फुलांवर फुलपाखरं येतात आणि कमांडर नावाचं फुलपाखरू याच्या पानांवर अंडी घालतं. पानाच्या टोकाकडून खात गेलेला भाग, मधली शीर तशीच उभी आणि तिच्याजवळ लोंबणारे वाळक्या पानांचे तुकडे दिसले, तर फवारणी करू नका. त्या तुकड्यांतच अळी लपलेली असते. चार पानं गेल्याने झाडाचं काही बिघडत नाही. कुंपणाच्या कडेला, जरा रानटी वाढलं तरी चालेल अशा जागी, भूतकेस बाकी सगळ्यांपेक्षा सरस.

खरेदी करताना झुबक्यांकडे पाहू नका. पांढरा आणि गुलाबी मुसंडा बियांपासून होत नाही, रोप गुटीचं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं) किंवा फाटा कलमाचं (कापलेली फांदी लावून केलेलं) असतं. खोड बुंध्याशी धरून हलकेच हलवा. मातीत सैल डुलत असेल तर मुळं धरलेली नाहीत. पानांच्या बेचक्यात आणि कोवळ्या शेंड्यांखाली कापसासारखा पिठ्या ढेकूण आहे का ते पाहा. पिशवीतला मातीचा गोळाही दाबून बघा. बाहेरच्या राज्यांतून ट्रकने येणारी रोपं पुष्कळदा चिकणमातीत असतात. ती माती आपल्या पावसात पाणी धरून ठेवते, बाहेरची जमीन निचऱ्याची असली तरी मुळं त्या गोळ्यातच कुजतात. लावताना गोळ्याची बाहेरची इंचभर माती बोटांनी मोकळी करा.

जूनमध्ये बाजारात रोपं आली की घ्या हवं तर, पण जमिनीत लावायची घाई नको. पागोळ्या पडणार नाहीत अशा उजेडाच्या जागी पिशवीतच ठेवा आणि चवथीनंतर पाऊस ओसरला की लावा. जांभ्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणला की तो हौदासारखा भरतो, हे विसरू नका. तळाचा चिरा पहारीने फोडून पाण्याला वाट करा, निम्मी तांबडी माती आणि निम्म्यात कुजलेलं शेणखत व बारीक चिरेखडी (जांभ्याचे बारीक तुकडे) मिसळून भरा. रोपाचा बुंधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा इंच वर राहील असा उंचवटा करा. सिमेंटने लिंपलेल्या भिंतीपासून तीन फूट तरी दूर लावा. भिंतीतून उतरणाऱ्या चुन्याने माती अल्कधर्मी होते, मग लोह असूनही मुळांना मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे त्याचं लक्षण. त्यावर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला १ ग्रॅम फवारावं. जुनी, खालची पानं कडेच्या बाजूने पिवळी पडत असतील तर पावसाने मॅग्नेशियम वाहून गेलेलं असतं, तेव्हा एप्सम सॉल्ट लिटरला ५ ग्रॅम.

नवीन फुटव्याच्या टोकालाच फुलं येत असल्यामुळे छाटणीशिवाय मुसंडा लांबच लांब, पायथ्याशी उघडा होतो. शिगम्याच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीअखेर, सगळ्या फांद्या निम्म्यावर आणा आणि दोन पाट्या शेणखत द्या. मेमध्ये पहिले झुबके दिसतील, चवथीला झाड भरात असेल आणि पुढे दिवाळीपर्यंत फुलत राहील. पिठ्या ढेकणाला कडुनिंबाचं तेल ५ मिली व साबणाचं द्रावण २ मिली, एक लिटर पाण्यात, आठवड्याच्या अंतराने तीनदा, उन्हं उतरल्यावर.

एकच रोप घेऊन पुढची आपण करणंच शहाणपणाचं. जूनमध्ये पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढा, खालचा हिरवट थर सुरीने खरवडा, मुळं फुटायची पावडर लावा. वरून ओलं मॉस (शेवाळ) मूठभर बांधून पारदर्शक प्लॅस्टिकने दोन्ही टोकांना आवळा. खरवडणं राहिलं तर साल पुन्हा जुळते आणि मूळ फुटतच नाही. सहा आठवड्यांत मुळं प्लॅस्टिकमधून दिसू लागतात. चार-पाच चांगली जाड झाली की फांदी खालून कापा, निम्मी पानं काढून टाका आणि पिशवीत लावून पंधरा दिवस सावलीत ठेवा.