फरशी पोकळ वाजते: तोच मिस्त्री, दुसरा मिस्त्री की ग्राहक आयोग?

गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अगं, तुमच्या बाथरूमखाली आमच्या छताला पोपडे धरलेत." बाथरूम नवंकोरं, चार महिन्यांपूर्वी उक्तं देऊन केलेलं. काकू गेल्यावर मी रुपयाचं नाणं घेऊन फरश्या वाजवत बसले. भिंतीकडच्या टणक वाजल्या, जाळीजवळच्या तीन मात्र ढबढब. मग मुलाची गोटी सोडून पाहिली. ती जाळीकडे जायची सोडून दाराकडे निघाली. ढाळच उलटा.

अशा वेळी डोकं तापतं आणि माणूस थेट 'केस करतो' वर येतो. जरा थांबा. आधी दोन गोष्टी बघा: दोष वर दिसणारा आहे की फरशीखाली झाकलेला, आणि ठेकेदाराचे किती पैसे अजून तुमच्या हातात आहेत.

दिसणारा दोष असेल, म्हणजे दार चौकटीला घासतंय, लॅमिनेटची कड सुटलीय, सांध्यातलं ग्राउट निघतंय, तर त्याच माणसाला बोलवा. त्याला काम माहीत असतं, पाइप कुठून नेलाय तेही माहीत असतं. शेवटचा हप्ता बाकी असेल तर तो येतोही लवकर. यात दुसरा माणूस शोधणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया.

वॉटरप्रूफिंगचं मात्र उलट. तिथे तोच माणूस सहसा मुळाशी जात नाही. फोडायचं तर नवी फरशी, मजुरी आणि राडारोडा उचलण्याचा खर्च त्याच्याच अंगावर पडतो. म्हणून तो सांध्यांत केमिकल भरतो आणि 'आता बघा' म्हणतो. दोन महिने बरे जातात, मग काकू परत वर. तरी त्यालाच संधी द्यायची असेल तर एक अट घाला: फरशी बसवण्याआधी जाळी बंद करून 48 तास पाणी भरून ठेवायचं. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि मधे दोनदा खाली जाऊन छताला हात लावून यायचं. या अटीला जो 'गरज नाही हो ताई' म्हणतो, त्याच्याकडून काम करून घेऊ नये.

दुसरा मिस्त्री महाग पडतो. आल्या आल्या 'हे कुणी केलंय?' म्हणून मान हलवतो, आणि भाव त्या मान हलवण्यातच ठरतो. पण त्याला जुनं काम लपवायचं नसतं. इथे धोका वेगळाच आहे: एकदा फोडलं की पुरावा गेला. म्हणून फोडण्याआधी गोटीचा, नाण्याचा, खालच्या छताचा व्हिडिओ काढा. फोडताना प्रत्येक थराचे फोटो घ्या. नव्या माणसाकडून दोष आणि खर्च कागदावर लिहून घ्या. आणि त्याआधी पहिल्याला दोष नेमके सांगून, ठरावीक दिवसांत दुरुस्त करायला लेखी कळवा. व्हॉट्सअॅपवर कळवा आणि स्पीड पोस्टानेही. ही पायरी गाळली तर उद्या तो म्हणेल, 'मला बोलावलंच नाही.'

तिसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. लोक समजतात तेवढा तो अवघड नाही आणि वाटतो तेवढा झटपटही नाही. घराचं बांधकाम ही ग्राहक कायद्याखाली 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केलं. 2019 च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी अडत नाही. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो, 5 लाखांपर्यंत शुल्क शून्य, आणि वकील सक्तीचा नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. पक्की पावती नसेल तर यूपीआयच्या नोंदी आणि चॅट जपून ठेवा, तेही उपयोगी पडतात. दावा लावण्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघायला काहीच लागत नाही.

पोलिसांकडे जायचा सल्ला हमखास कुणीतरी देतो. निव्वळ वाईट काम हा गुन्हा नव्हे. पहिल्यापासूनच फसवायच्या इराद्याने उचल घेऊन माणूस पसार झाला असेल, तर गोष्ट वेगळी.

फ्लॅट नवा असेल आणि बाथरूम बिल्डरनेच दिलेलं असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणारा कायदा, त्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत कामातला दोष दाखवला की बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. फक्त ताबा घेतल्या घेतल्या हौसेने त्याची फरशी काढून आपली बसवली असेल, तर तो तिकडेच बोट दाखवणार. नव्या घरात पहिला पावसाळा तरी फोडाफोड करू नये, असं माझं मत झालंय.

माझ्या ठेकेदाराचे 18 हजार मी राखून ठेवले होते. तो आला, केमिकलची बाटली दाखवली, 48 तासांचं ऐकून परत गेला आणि फोन घ्यायचा बंद झाला. दिलेली मुदत संपल्यावर दुसऱ्याने फोडलं, तेव्हा दिसलं की वॉटरप्रूफिंगचा थर जमिनीवरच संपवला होता, भिंतीवर वीतभरही चढवला नव्हता. पाणी कोपऱ्यातूनच उतरत होतं. त्या 18 हजारांत मजुरी निघाली. फरशी, राडारोडा आणि काकूंच्या छताचा रंग माझ्या खिशातून. आयोगाचा अर्ज मी अर्धा लिहून ठेवला होता, पण उरलेल्या रकमेसाठी तारखा करायचा जीव झाला नाही. पूर्ण पैसे देऊन बसले असते, तर मात्र केला असता.