सीमेक की मेसन: खेळाचे बिल्ड सांभाळणाऱ्यासाठी

मुक्त स्रोत खेळाच्या बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून चालणारा खेळ तयार करणाऱ्या सूचनांच्या फाइली) सांभाळण्याचे काम ज्यांच्या गळ्यात नुकतेच पडले आहे, त्यांच्यापुढे आज बहुधा सीमेक (CMake) आणि मेसन (Meson) या बिल्ड साधनांचे दोनच पर्याय उरतात. ऑटोटूल्स हे जुने साधन अजून जिवंत आहे, परंतु नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. पीकेजी-कॉन्फिगचा (बसवलेल्या लायब्ऱ्या कुठे आहेत हे सांगणाऱ्या साधनाचा) मॅक्रो न उलगडता ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्टमध्ये तसाच उतरल्यामुळे येणारी सिंटॅक्स एरर ज्याने एकदा पाहिली आहे, तो कारण विचारणार नाही.

एका लहानशा द्विमितीय खेळाचे बिल्ड मी आधी चार वर्षे सीमेकवर सांभाळले आणि आता ते मेसनवर आहे. बदलाचे कारण वेग नव्हता. आमच्या एका आवृत्तीचे लिनक्स पॅकेज बाहेर पडले आणि दोन-तीन दिवसांत ‘संगीत वाजत नाही’ अशा तक्रारी येऊ लागल्या. बिल्डचा लॉग उघडला, तेव्हा व्हॉर्बिसफाइल ही संगीताच्या फाइली वाचणारी लायब्ररी सापडली नसल्याची एकच ओळ मधे कुठेतरी दडलेली होती आणि तिच्याखाली ‘कॉन्फिगरिंग डन’ असे निर्धास्तपणे छापलेले होते. बिल्ड ज्यात चालते त्या कंटेनरच्या नव्या इमेजमध्ये व्हॉर्बिसचे डेव्ह पॅकेज (बिल्डला लागणाऱ्या फाइलींचे) राहून गेले होते. सीमेकने संगीताचा भाग गुपचूप वगळला आणि सगळे हिरवे दाखवले.

चूक आमचीच होती, हे मान्य केले पाहिजे. लायब्ररी शोधणाऱ्या ‘फाइंड पॅकेज’ आज्ञेपुढे ‘रिक्वायर्ड’ लिहिले नाही, तर लायब्ररी नसतानाही सीमेक पुढे जाते, हे कागदोपत्री स्पष्ट आहे. मेसनमध्ये मात्र उलटे आहे: ‘डिपेंडन्सी’ने मागितलेली लायब्ररी मिळाली नाही, तर वेगळे सांगितल्याशिवाय बिल्ड तिथेच थांबते. ऐच्छिक गोष्टींसाठी ‘एनेबल्ड’, ‘डिसेबल्ड’ आणि ‘ऑटो’ अशा तीन अवस्था आहेत आणि ‘ऑटो फीचर्स’ला ‘एनेबल्ड’ केले की सगळे ‘ऑटो’ एका फटक्यात सक्तीचे होतात. फेडोरा या लिनक्स वितरणाचा मेसन मॅक्रो नेमके हेच करतो. अर्थात, कोडचा तुकडा कंपाइल करून पाहणारी तपासणी कोणत्याही साधनात गप्प बसू शकते. 2024 च्या एक्सझेड प्रकरणात (या संकोचन लायब्ररीत मागचे दार पेरले गेले होते) लँडलॉक या लिनक्सच्या सुरक्षा सुविधेच्या तपासणीत पेरलेला एकच टिंब ती नेहमी अपयशी ठरवत होता, आणि ती सुरक्षा सुविधा कोणाच्या लक्षात न येता बंद राहत होती.

एसडीएल या खेळांसाठीच्या चित्र, ध्वनी आणि इनपुट सांभाळणाऱ्या लायब्ररीबद्दलही थोडे सांगावे लागेल. सीमेकसोबत एसडीएल 1.2 शोधणारे मॉड्यूल येते, एसडीएल 2 चे येत नाही. त्यामुळे ज्या त्या खेळाच्या भांडारात कोणीतरी कुठून तरी उचललेली ‘फाइंड एसडीएल 2’ फाइल असते आणि तिचा मूळ धनी कोण हे कोणालाच ठाऊक नसते. आमचीही तशीच होती. ती काढून एसडीएलचीच कॉन्फिग फाइल वापरायला गेलो, तर त्या वेळच्या वितरणातील फाइलमध्ये लिंकरच्या अक्षरमालेच्या शेवटी एक मोकळी जागा राहिलेली निघाली, आणि तेवढ्यावरून सीमेकने सीएमपी 0004 धोरण दाखवत बिल्ड नाकारले. ती जागा छाटणारी ओळ आम्ही कित्येक महिने टिप्पणीसह जपली. मेसनमध्ये त्या जागी एकच ओळ आहे. पीकेजी-कॉन्फिग नसेल तर ते एसडीएलचे स्वतःचे कॉन्फिग साधनही विचारून पाहते.

तरीही सीमेक सोडताना मी दोनदा विचार केला. आमचे विंडोजवरचे दोन सहकारी व्हिज्युअल स्टुडिओत फोल्डर उघडून थेट कामाला लागत असत, व्हीसीपीकेजी या लायब्ररी-व्यवस्थापकाची टूलचेन फाइल जोडली की लायब्ऱ्या सापडत असत. मेसनसाठी त्यांना पायथन आणि पीकेजीकॉन्फ (पीकेजी-कॉन्फिगचाच पर्याय) यांची जुळवाजुळव करावी लागली आणि त्यांपैकी एकाने ती आनंदाने केली असे म्हणता येणार नाही. अँड्रॉइड स्टुडिओचीही सीमेकशी सोयरीक आहे. ओपनटीटीडी या मुक्त स्रोत खेळाने 1.11 आवृत्तीपासून स्वतःची जुनी कॉन्फिगर स्क्रिप्ट टाकून सीमेक घेतले. इतक्या मंचांवर चालणाऱ्या खेळासाठी तो निर्णय मला योग्यच वाटतो. तुमचे खेळाडू मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडवर असतील, तर बहुधा तुम्हीही तेच करावे. फक्त प्रत्येक ऐच्छिक लायब्ररीसाठी स्वतंत्र ऑप्शन ठेवून तो चालू असताना ‘रिक्वायर्ड’ लावण्याची शिस्त पाळावी, किंवा सीमेक 3.22 पासून आलेल्या ‘रिक्वायर फाइंड पॅकेज’ चलाचा आधार घ्यावा.

माझ्यासारखे ज्यांचे पॅकेज प्रामुख्याने लिनक्स वितरणांतून जाते, त्यांना मात्र मेसन अधिक मानवेल असे वाटते. गेल्या आवृत्तीच्या वेळी बिल्ड ओपस ही ध्वनी लायब्ररी नसल्याचे सांगून पहिल्याच मिनिटाला थांबले, आणि ते कळायला या वेळी कोणा खेळाडूच्या तक्रारीची वाट पाहावी लागली नाही.