सी लायब्ररीवरचा रस्ट रॅपर: ‘सेफ्टी’ कॉमेंट सक्तीची केल्यानंतरचे आठ महिने

इमेज फाइली डीकोड करणारी एक जुनी सी लायब्ररी आणि तिच्यावर रस्ट या भाषेत लिहिलेला रॅपर (ती लायब्ररी रस्टमधून वापरू देणारा वरचा थर), हे आमच्या टीमचं रोजचं काम. आठ महिन्यांपूर्वी आम्ही क्लिपी या रस्ट कोड तपासणाऱ्या साधनाचा ‘अनडॉक्युमेंटेड अनसेफ ब्लॉक्स’ हा लिंट, म्हणजे तपासणीचा नियम, चालू केला. नुसत्या वॉर्निंगवर न सोडता थेट बिल्ड अडेल असाच लावला. अनसेफ ब्लॉक म्हणजे कोडचा असा भाग, जिथली सुरक्षितता कंपायलर तपासू शकत नाही, लिहिणाऱ्यानेच सांभाळायची असते. अशा प्रत्येक ब्लॉकच्या वर तो का सुरक्षित आहे हे सांगणारी ‘सेफ्टी’ अशी कॉमेंट हवीच, नाहीतर कोड मर्ज होणार नाही. हा लिंट आपोआप लागू होत नाही. तो ‘रिस्ट्रिक्शन’ गटातला आहे, म्हणजे मुद्दाम मागून घ्यावा लागतो. सी कोडला हात लावणाऱ्या प्रत्येक टीमने तो मागून घ्यावा असं माझं आज ठाम मत आहे. पण पहिले तीन महिने तो आमच्या फारसा कामी आला नव्हता, आणि का आला नव्हता हेच इथे सांगायचं आहे.

सुरुवातीला दीडशेच्या आसपास ब्लॉक विनाकॉमेंट होते. दोन आठवड्यांत आम्ही ते सगळे भरून काढले. आज जुन्या कमिट उघडून बघितल्या तर निम्म्याहून जास्त ठिकाणी एकच वाक्य दिसतं: ‘पॉइंटर (म्हणजे मेमरीतला पत्ता) वैध आहे.’ लिंटचं तेवढ्यावर समाधान होतं. कॉमेंट आहे की नाही एवढंच तो बघतो, खरी आहे की नाही हे त्याला कळायचा मार्गच नाही.

मग एक दिवस कंपायलर नवा घेतला आणि एक टेस्ट कोसळली. इमेजमधला मेटाडेटा देणारं एक फंक्शन आहे. ते पॉइंटर आणि लांबी देतं, आणि आम्ही त्या दोन्ही ‘स्लाइस::फ्रॉम_रॉ_पार्ट्स’ला देऊन स्लाइस, म्हणजे तेवढ्या बाइटकडे बघणारा रेफरन्स, बनवत होतो. वर कॉमेंट होती: ‘पॉइंटर आणि लांबी दोन्ही लायब्ररीनेच दिले आहेत, म्हणून वैध.’ ज्या इमेजमध्ये मेटाडेटाच नाही तिच्यासाठी लायब्ररी नल (कुठेच न दाखवणारा) पॉइंटर आणि शून्य लांबी देते. सी लिहिणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. लांबी शून्य आहे, कोणी वाचायला जाणारच नाही. रस्टचा नियम मात्र वेगळा आहे. स्लाइस रिकामी असली तरी तिचा पॉइंटर नल चालत नाही आणि अलाइनमेंटही (पत्ता टाइपला हव्या त्या पटीत असणं) बरोबर लागते, कारण रेफरन्स कधीच नल नसतो हे गृहीत धरून कंपायलर ‘ऑप्शन’ या टाइपमधला ‘नन’ (काही नाही) त्याच नल जागेत बसवतो. म्हणजे आपण ‘सम’मध्ये (काहीतरी आहे) रिकामी स्लाइस ठेवतो आणि पुढच्या कोडला तिथे ‘नन’ दिसू शकतं. मेमरी फुटत नाही, क्रॅश होत नाही, फक्त प्रोग्राम दुसऱ्याच वाटेने जातो. रिलीज बिल्डमध्ये हे किती दिवस चालू होतं कोण जाणे. मे 2024 मध्ये आलेल्या रस्ट 1.78 पासून डीबग बिल्डमध्ये अशा काही पूर्वअटी तपासल्या जातात, म्हणून ते उजेडात आलं.

त्या दिवशी ती कॉमेंट आम्ही चौघांनी मिळून पुन्हा लिहिली. आता ती अशी आहे (हेडर म्हणजे सी लायब्ररीची फंक्शनं जाहीर करणारी फाइल, लाइफटाइम म्हणजे रेफरन्स किती काळ वापरता येतो ते): ‘सेफ्टी: शून्य लांबी वरच्या ओळीतच वेगळी काढली आहे. लांबी शून्याहून जास्त असेल तर पॉइंटर नल नसतो आणि तेवढे बाइट भरलेले असतात, असं हेडरमध्ये या फंक्शनवर लिहिलं आहे. डीकोडर बंद होईपर्यंत ते बाइट जागचे हलत नाहीत की बदलत नाहीत, हेही तिथेच लिहिलं आहे. स्लाइसचा लाइफटाइम डीकोडरच्या रेफरन्सला बांधला आहे.’

यातलं प्रत्येक वाक्य ‘हे कोणी सांगितलं?’ या प्रश्नाला उत्तर देतं. कधी वरची ओळ सांगते, कधी हेडर, कधी टाइप. ‘वैध आहे’ या शब्दांना असं कोणीच मागे उभं नसतं. तेव्हापासून आमच्या रिव्ह्यूमध्ये हा एकच प्रश्न विचारला जातो, आणि माझ्या मते लिंटपेक्षा या प्रश्नाने जास्त काम केलं आहे.

गंमत म्हणजे त्या कॉमेंटमधलं हेडरविषयीचं वाक्य लिहिलं तेव्हा हेडरमध्ये तसं काहीच नव्हतं. सी बाजू सांभाळणाऱ्यांना विचारावं लागलं, त्यांनी कोड वाचून होकार दिला आणि मग दोन ओळी हेडरमध्ये घातल्या. या आठ महिन्यांतला सगळ्यात मोठा फायदा मला हा वाटतो. इतकी वर्षं लोकांच्या डोक्यात असलेल्या अटी पहिल्यांदा लिहून निघाल्या. हे कसं लिहावं याचा नमुना हवा असेल तर एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन वाचा. ‘कॉलम_टेक्स्ट’ने दिलेला पॉइंटर कुठवर चालतो ते तिथे स्वच्छ लिहिलं आहे: टाइप कन्व्हर्जन होईपर्यंत, किंवा ‘स्टेप’, ‘रीसेट’, ‘फायनलाइझ’ यांपैकी काही कॉल होईपर्यंत. तो आपण फ्री करायचा नाही हेही सांगितलं आहे. ‘बाइंड_टेक्स्ट’मध्ये तर शेवटच्या आर्ग्युमेंटमधूनच ठरतं की लायब्ररीने मजकुराची स्वतःची कॉपी करायची की आपली मेमरी जागेवर राहील यावर विसंबायचं. असं हेडर असेल तर सेफ्टी कॉमेंट दोन मिनिटांत होते.

थ्रेडच्या बाबतीतही हाच अनुभव आला. हा लिंट ‘अनसेफ इम्प्ल’वरही, म्हणजे टाइपला एखादा गुण आपल्या जबाबदारीवर लावणाऱ्या कोडवरही, कॉमेंट मागतो. आमच्या डीकोडर हँडलवर ‘सेंड’ (दुसऱ्या थ्रेडकडे सोपवता येतं) आणि ‘सिंक’ (अनेक थ्रेडना एकाच वेळी वापरता येतं) दोन्ही लावलेले होते आणि वर लिहिलं होतं, ‘लायब्ररी थ्रेडसेफ आहे.’ त्या एका शब्दात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. हँडल एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे सोपवता येतं का, आणि दोन थ्रेडनी ते एकाच वेळी वापरलं तर चालतं का? आम्ही दोन्ही वेगवेगळे विचारले. पहिल्याचं उत्तर हो आलं, दुसऱ्याचं नाही. ‘सिंक’ त्याच दिवशी काढून टाकला. दोन ठिकाणी कोड कंपाइल होईना, आणि त्या दोन्ही ठिकाणी खरोखरच हँडल एकाच वेळी वापरलं जात होतं.

एक फरक नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगावा. अनसेफ फंक्शनच्या डॉक कॉमेंटमध्ये जो ‘सेफ्टी’ विभाग असतो, त्यात कॉल करणाऱ्याने काय पाळायचं ते मागायचं असतं. ब्लॉकवरच्या कॉमेंटमध्ये ते कसं पाळलं हे दाखवायचं असतं. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचले की गळती लगेच दिसते: वर तीन अटी आणि खाली दोनच उत्तरं. डॉक विभागासाठीचा लिंट वेगळा आहे, ‘मिसिंग सेफ्टी डॉक’. तो मुळात फक्त बाहेर उघड्या असलेल्या फंक्शनवर चालतो. आतली फंक्शनं आपणच बघावी लागतात.

फेब्रुवारी 2025 मध्ये रस्ट 1.85 सोबत आलेल्या 2024 एडिशनवर (भाषेच्या नियमांच्या नव्या संचावर) आम्ही गेलो, तेही बरं झालं. आता सी फंक्शनं जाहीर करणाऱ्या ‘एक्स्टर्न’ ब्लॉकलाच अनसेफ लिहावं लागतं, म्हणजे इथल्या फंक्शनच्या सिग्नेचर सी बाजूशी जुळतात याची जबाबदारी माझी, हे आधीच कबूल करावं लागतं. त्यातलं एखादं फंक्शन ‘सेफ’ म्हणूनही जाहीर करता येतं. आवृत्ती क्रमांक देणाऱ्या फंक्शनला आम्ही तसं केलं आणि काही निरर्थक अनसेफ ब्लॉक गेले.

त्रासही आहे. रिव्ह्यूला वेळ लागतो, विशेषतः बाहेरच्या लायब्ररीचं हेडर मुकं असेल तेव्हा. त्याहून मोठी अडचण म्हणजे कॉमेंट शिळी होते. वीस ओळी वर कोणी तपासणीची अट हलवली तर खालची कॉमेंट तशीच राहते आणि खोटं बोलू लागते, कंपायलर चकार शब्द काढत नाही. यावर उपाय म्हणून तपासणी आणि अनसेफ ब्लॉक एकाच छोट्या फंक्शनमध्ये ठेवतो. प्रत्येक ब्लॉकमध्ये एकच अनसेफ कृती असावी असं सांगणारा दुसरा लिंटही महिनाभर वापरला. कोड फार लांबला, म्हणून आता तो पॉइंटरचं गणित असलेल्या एकाच फाइलवर आहे.

आणि कॉमेंट म्हणजे टेस्ट नव्हे. मिरी हे कोड चालवून अनसेफमधल्या चुका शोधणारं साधन शुद्ध रस्ट कोडवर उत्तम चालतं, पण आमच्या सी कोडच्या आत ते शिरत नाही. म्हणून सी आणि रस्ट दोन्ही अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने (मेमरीच्या चुका चालू प्रोग्राममध्ये पकडणाऱ्या साधनाने) बिल्ड करून रात्री टेस्ट चालवतो. फ्री केलेली मेमरी वापरली तर ते बरोबर पकडतं. वरच्या नल स्लाइससारखी चूक मात्र त्याच्या नजरेतून सुटते, कारण तिथे चुकीचा पत्ता वाचलाच जात नाही.

एक फंक्शन अजून अडलेलं आहे, शेवटची एरर मजकुराच्या रूपात देणारं. तो पॉइंटर किती वेळ चालतो हे हेडरमध्ये नाही, लिहिणारी माणसं आता टीममध्ये नाहीत. सोर्स वाचल्यावर दिसतं की मजकूर एका सामायिक स्टॅटिक बफरमध्ये, म्हणजे सगळ्या कॉलसाठी एकाच जागेत, जातो. म्हणून आम्ही लायब्ररीचे सगळे कॉल एका लॉकमधून नेतो आणि मजकूर लगेच कॉपी करून घेतो. त्यावरच्या कॉमेंटचं पहिलं वाक्य आहे: ‘हा सोर्स वाचून काढलेला निष्कर्ष आहे, हेडरमधली हमी नाही.’ हेडरमध्ये ती ओळ घालण्याचा बदल पाठवला आहे. तो स्वीकारला जाईपर्यंत लॉक आणि कॉपी दोन्ही राहतील.