ट्रेलला लागून घर, की दोन गल्ल्या आत?

शिकागोच्या ६०६ ट्रेलजवळ घर बघायला लागलं की हा प्रश्न येतोच. जुन्या मालगाड्यांच्या उंच रुळांवर केलेला हा चालण्या-धावण्याचा आणि सायकलींचा सुमारे ४.३ किलोमीटरचा रस्ता २०१५ साली खुला झाला. तो जमिनीपासून जवळजवळ पाच मीटर वर आहे. म्हणजे लागून असलेल्या घराचा वरचा मजला थेट धावणाऱ्यांच्या नजरेसमोर! बेडरूमचा पडदा दिवसभर ओढलेला, आणि सकाळी सहापासून पावलं, सायकली, गप्पा. बदल्यात खिडकीशी झाडं, आणि घर विकायला काढलं तर जाहिरातीची पहिली ओळ तयार.

आतल्या घरात पडदा उघडा राहतो, ट्रेलही चार पावलांवरच.

मालमत्ता कर मात्र दोघांनाही सोडत नाही. आजूबाजूचे भाव चढले की आकारणी चढते, घर विकायचं नसलं तरी. पश्चिमेकडच्या हम्बोल्ट पार्कमधल्या जुन्या रहिवाशांना याचीच झळ बसली. जुनी घरं पाडून महागडी नवी बांधली जात होती, त्याला आळा बसावा म्हणून शेवटी २०२१ साली शहराने या पट्ट्यात घरं पाडण्यावर जादा शुल्क लावलं.

मी आतलंच घेईन. लागून असलेल्या घराची नुसती बाजूची भिंत ट्रेलकडे असेल, तर मात्र एकदा बघून येईन, तेही रविवारी सकाळी, गर्दीच्या वेळी.